चुंबळ

धाराशिवला, तहसीलच्या फाटकासमोर
माझी शिक्क्यांची टपरी.
सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, सोसायटीचा चेअरमन,
सगळ्यांची नावं मी उलटी कोरतो,
म्हणून ती सुलटी उमटतात.
एवढीच माझी विद्या.

तेरला आत्या राहते, सोजरबाई.
चैतात धाब्यावर टाकायला
पांढरीच्या टेकाडावरून माती आणते.
त्या मातीत काय काय निघतं,
शंखाच्या बांगडीचा तुकडा, मणी,
कुणाची तरी दाढ.
यंदा निघाली रुपयाएवढी मातीची चकती,
वरच्या अंगाला दोरा ओवायला भोक
आणि मधोमध एका बाईचं तोंड,
एका बाजूला वळलेलं.

"पाण्याला निघालीया," आत्या म्हणाली.
"बघ की, डोक्यावर चुंबळ हाय.
घागर तेवढी दिसंना."

तांबोळी सरांनी भिंग लावलं.
म्हणाले, चुंबळ नाही, वेण्यांचा अंबाडा आहे.
ही रोमच्या बादशहाची बायको.
ती गेली, तेव्हा त्यानं तिच्या तोंडाची नाणी पाडली,
सोन्याची, चांदीची, तांब्याचीसुद्धा,
वर्षानुवर्षं पाडत राहिला.
त्यातलं एखादं गलबतातून भडोचला उतरलं असेल,
तिथून बैलगाडीत, घाट चढून इथं.
इथल्या कुणाला तरी ते आवडलं.
सोनं परवडेना, म्हणून त्यानं मातीत काढलं.

मी चकती हातात घेतली.
काठानं अक्षरं होती,
म्हणजे अक्षरांसारखं काहीतरी,
मुंग्यांची रांग मोडल्यावर दिसते तसं.
सर म्हणाले, अर्थ लागत नाही,
कारागिराला लिपी येत नसावी.
मला मात्र बघताक्षणी कळलं.
गड्यानं साच्यात सुलटं कोरलं,
म्हणून मातीत उलटं आलं.
माझ्या पहिल्या शिक्क्यात मीही हेच केलं होतं.
मालकानं कानाखाली वाजवली.
त्याला कुणी वाजवली असेल?

आत्यानं विचारलं,
"बायकोचं तोंड इसरू नये म्हून पाडली व्हय नाणी?"
सर म्हणाले, तसंच काहीतरी.
ती कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली, "आमच्या कौसाचा फोटू न्हाई."

कौसा एकोणिसाची. तापात गेली.
शाळेतला एक फोटो होता,
त्यात ती नेमकी मागं वळलेली.
लिहून राहिली ती एकाच ठिकाणी,
पिवळ्या रेशनकार्डाच्या पाचव्या ओळीत,
आणि त्या ओळीवर आडवं, जांभळ्या शाईत
'नाव कमी केले'.
तो शिक्का माझा.
पुरवठा शाखेची ऑर्डर होती, डझनभर.
क च्या पोटाला मी जो बाक देतो
तो मला लांबूनही ओळखू येतो.

चकती सर संग्रहालयात घेऊन गेले.
आत्यानं दिली, कुरकुर केली नाही.
पावती मिळाली, शिक्क्यासकट.
तोही माझाच.

रात्री टपरीची फळी पाडून रबर कापलं.
तोंड जमेना.
नाकापर्यंत येतो, तोच हनुवटी दुसऱ्याच कुणाची.
शेवटी नुसती चुंबळ काढली,
आणि खाली दोन अक्षरं, कौसा,
वीस वर्षांत पहिल्यांदा सुलटी कोरलेली.
का, ते विचारू नका.

आत्याला वाचता येत नाही.
धाब्यावरची माती अजून ओली होती.
सवण्यापाशी बसून तिनं शिक्का दाबला,
एकदा.
मग थोडं सरकून पुन्हा.
"किती पाडल्या म्हणला त्या राजानं?"
मी म्हणालो, कुणी मोजल्या नाहीत.
"मग आपुन तरी कशाला मोजायच्या,"
म्हणाली,
आणि गुडघ्यांवर सरकत राहिली
धाब्याच्या त्या टोकापर्यंत,
जिथं शेजारणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या.